थांबणारी गाडी

गॅरेजवाल्याने जीपचं पुढचं दार उघडून धरलं, फडक्याने सीट पुसली, "बसा ताई" म्हणाला, आणि आमची ताई सरळ मागे गेली. मागची फळी तिने स्वतःच्या हाताने खाली पाडली, एक पाय वर टाकला, कण्हत दुसरा ओढून घेतला आणि आतल्या आडव्या बाकावर जाऊन बसली. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात. गॅरेजवाला दार धरून उभाच. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. गाडी विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मागे जाऊन बसतं हे त्याच्या धंद्यात बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

"ताई," मी म्हणालो, "चालवणार कोण? मी?"

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. "मेली सवय," असं काहीतरी पुटपुटत ती खाली उतरायला लागली आणि चक्क लाजली. मी तिचा धाकटा भाऊ. लहानपणी तिचा मार खाल्ला, मोठेपणी बोलणी खाल्ली, पण ताईला लाजताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

ताई नर्स होती. दवाखान्यात पडद्याआड वावरणारी नव्हे, लस टोचायला वस्त्यावस्त्यांवर फिरणारी. नोकरी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत डोंगरापलीकडचा सगळा मुलूख तिच्याकडे होता, आणि तिथे जायला एक सरकारी जीप होती. पुढे ड्रायव्हर आणि डॉक्टर बसायचे. डॉक्टर आले नाहीत की पुढची जागा मोकळी राहत असेल असं समजू नका. एरवी डॉक्टरांच्या पायाशी असलेली लसीची पेटी तिथे बसायची. मागे धूळ, ऊन आणि आदळआपट. पेटीतला बर्फ वितळला की अख्खी फेरी पाण्यात. म्हणून पेटीला ओलं पोतं गुंडाळून, वर पट्टा बांधून पुढे बसवत. ताईला पट्टा नव्हता. ती मागच्या बाकावर, स्टेपनीला पाय लावून बसे. डॉक्टर बदलले, ड्रायव्हर बदलले, जीपसुद्धा एकदा बदलली. ताईची जागा बदलली नाही. तिने मागितलीही नाही, कारण पेटी पुढे हवी हे सगळ्यांत जास्त तिलाच पटलेलं होतं.

मागे बसणाऱ्याला रस्ता येताना दिसत नाही, गेलेला दिसतो. पुढे ससा आडवा गेला की ड्रायव्हर ओरडायचा, डॉक्टर "अरे वा" म्हणायचे, आणि ताई मान वळवेपर्यंत नुसती धूळ उरायची. पुढे हसणं चालायचं, पण इंजिनच्या आवाजात कशावर हसताहेत ते मागे कळायचं नाही. ती सांगायची, ड्रायव्हरमामांच्या मानेवरचा मस मी त्यांच्या तोंडापेक्षा जास्त ओळखते. घाट चढून खिंडीत पोचलं की समोर एकदम सगळं खोरं उघडतं म्हणे. प्रत्येक नवा डॉक्टर तिथे तोंडात बोट घालायचा. ताईच्या वाट्याला त्या वेळी खिंडीची कापलेली भिंत यायची, आणि परतताना तिथे अंधार असायचा.

थांबायची तर सोयच नव्हती. बर्फाला थांबणं चालत नाही. फेरीच्या दिवशी ताई सकाळपासून पाणी पीत नसे. पुढे दोन पुरुष. त्यांना थांबा कसं म्हणायचं, आणि कशासाठी ते कोणत्या तोंडाने सांगायचं? हे तिने घरी कधी बोलून दाखवलं नाही. संध्याकाळी आली की ती नळाशी उभी राहून पेल्यावर पेले पाणी प्यायची आणि आम्ही तिला हसायचो.

निवृत्त झाल्यावर ताईने आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि मग आम्हाला सांगितलं. परवाना हातात आल्यावर एक दिवस माझ्या दुकानात आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली की तिला एक जुनी जीप घ्यायचीय. मी शाळेचे गणवेश शिवतो. जन्मभर एकाच रंगाचं कापड कापलेला माणूस मी. नवी कल्पना सुचणं आणि दुसऱ्याला सुचलेली पटणं, दोन्ही मला सारखंच जड जातं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, फिरायचंय तर बस आहे, बोगद्यातून जाते, डुलकी काढून उठेपर्यंत डोंगरापलीकडे. पण तिला बोगदा नको होता. तिला जुना घाटरस्ता हवा होता. बोगदा झाल्यापासून त्या रस्त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. डांबर उखडलेलं, कडा ढासळलेल्या, साध्या गाडीचं पोटच घासलं असतं. तिथे जायचं तर जुनी जीपच हवी. बरं, मी म्हणालो, मग एखादी भाड्याने घेऊ, ड्रायव्हरसकट, तू बस पुढे महाराणीसारखी. यावर ती जे म्हणाली ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

"पुढे बसायला मिळेल रे. पण थांबायचं कधी, ते तोच ठरवणार ना? मला माझ्या मनाने थांबता येईल अशी गाडी हवीय."

"आणि थांबून करणार काय?"

"ते थांबल्यावर बघीन."

घाई होती ती डाव्या गुडघ्यामुळे. तिचा मुलगा दूरच्या शहरात असतो. त्याने तिथलं हॉस्पिटल ठरवलं होतं, डॉक्टर ठरवला होता, आणि ऑपरेशननंतर आई कायमची आपल्याकडेच राहणार हेही ठरवून टाकलं होतं. मुलगा गुणाचा आहे, त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण मुलगा इतका गुणी असला की त्याच्याशी भांडताही येत नाही. ताईने होकार दिला, घराला कुलूप लागणार हे कबूल केलं, फक्त त्याआधी तिला ही गाडी हवी होती. नंतर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जीप घेऊन ती काय करणार होती, हे मी विचारलं नाही.

तर असे आम्ही त्या गॅरेजात पोचलो होतो. जुना घाटरस्ता जिथे मोठ्या रस्त्यापासून फुटतो, तिथेच ते गॅरेज. मालकाला जीप विकायची होती आणि नव्हतीही. तिचा एकही गुण त्याने सांगितला नाही. दोष मात्र एकेक करून, लेकराच्या खोड्या सांगाव्यात तसे कौतुकाने सांगितले. स्टिअरिंग डावीकडे ओढतं. वायपर हाताने फिरवावा लागतो. तिसरा गिअर दाबून धरला नाही तर निसटून येतो. वरचा कापडी टप फाटलाय, पाऊस आला तर छत्री घेऊन बसा. वर कुणीतरी फासलेला करडा रंग खरवडून त्याने आतला मूळचा हिरवा रंग दाखवला. ताईने त्या हिरव्या ठिपक्यावर अंगठा फिरवला. तिच्या सरकारी जीपचा रंग तोच होता.

मग ती पुढे बसली. चालकाच्या जागेवर. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, आरसा आपल्याकडे वळवला, आणि काचेतून समोर बघत राहिली. समोर काय होतं? जुन्या टायरांचा ढीग आणि एक तुटका ट्रक. पण ती असं बघत होती की मलाही वळून बघावंसं वाटलं.

"दाबा क्लच," गॅरेजवाला म्हणाला.

ताईने डावा पाय दाबला. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीचा क्लच बोटाने दाबला जाईल इतका हलका होता. हा जुन्या जमान्यातला, अंगातलं सगळं बळ मागणारा. तो अर्धा गेला आणि थांबला. तिने पुन्हा दाबला. पुन्हा अर्धा. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून वरून जोर लावला तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून गॅरेजवाला उगाच टायरकडे बघायला लागला. ताईच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

तो गुडघा त्या मागच्या फळीनेच खाल्ला होता. सरकारी जीपला मागे पायरी नव्हती. वस्ती आली की ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवायचा, आणि ताई एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने लोखंडी कांब धरून खाली उडी मारायची. दरवेळी डाव्या पायावर. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघून सांगितलं, झिजलाय. कशाने झिजला हे त्यांनी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला. चला, म्हटलं, आपोआप विषय मिटला, मला वाईटपणा घ्यावा लागला नाही. पण ताई खाली उतरेना. पाय तिने क्लचवरून काढून घेतला होता, हात मात्र स्टिअरिंगवरच होते. ती आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हती. तिला रडू येत असावं, आणि चारचौघांत रडायची तिला सवय नव्हती. मला स्वतःचीच लाज वाटली.

गॅरेजवाल्याने हात पुसले आणि विचारलं, "जायचंय कुठे तुम्हाला?"

"खिंडीपर्यंत."

"घाई आहे?"

ताईने मान हलवली.

"मग क्लचला पायच लावू नका."

त्याने खिडकीतून हात घालून स्वतःच सगळं केलं. मोठ्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा होता. तो चढासाठी, चिखलासाठी. तो त्याने मागे ओढला, मोठा दांडा पहिल्या गिअरमध्ये टाकला आणि म्हणाला की आता नुसती किल्ली फिरवा. ताईने किल्ली फिरवली. गाडी दचकली, खोकली, आणि इंजिन सुरू झालं तसं आपलं आपण चालायला लागली. चालायला म्हणजे अक्षरशः चालायला. मी तिच्या खिडकीशी हात मागे बांधून चालत होतो आणि मला भराभर पाय उचलावे लागत नव्हते. टायरांच्या ढिगाला वळसा घालून आम्ही ट्रकपाशी आलो, तेव्हा गॅरेजवाला मागून ओरडला की किल्ली बंद करा. तिने केली. गाडी एक गचका देऊन जागच्या जागी उभी राहिली.

"थांबली," ताई म्हणाली.

मग तिने पुन्हा सुरू केली. पुन्हा थांबवली. थोडं पुढे नेली, थांबवली. कोंबड्यांना वाट द्यायला थांबवली, कोंबड्या नसतानाही थांबवली. किल्ली फिरवायची, चालू. किल्ली फिरवायची, उभी. ती हसत होती, आणि हसताना दरवेळी माझ्याकडे बघत होती, आपण करतोय ते मी बघतोय ना याची खात्री करायला. शेवटी गॅरेजवालाच काकुळतीला आला, म्हणाला, ताई, बॅटरीची थोडी दया करा.

केवढ्याला घेतली ते विचारू नका. ताईने घासाघीस केली नाही एवढंच सांगतो. आम्हा भावंडांत भाजीवालीशीसुद्धा वाद घालणारी ती, पण त्या दिवशी त्याने सांगितले तेवढे पैसे मोजून दिले. गाडी गॅरेजातच ठेवायची, गॅरेजवाल्याने नवी बॅटरी बसवून द्यायची आणि मी नवा टप शिवून द्यायचा असं ठरलं. मुलाला तिने नंतर फोन करून कळवलं. त्याने विचारलं की चालते तरी का. ताई म्हणाली, चालते, धावत नाही. तो हसला असावा. मग त्याने अगदी समजुतीने विचारलं की आई, तू इकडे आल्यावर तिचं काय करायचं? ताई "बघू" म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली.

टपाचं कापड मी चांगलं जाड आणलं. सीट खचलेली आणि ताई बुटकी, म्हणून एक उशीही शिवायची होती. गणवेशाच्या निळ्या कापडाची शिवली. माझ्याकडे दुसरं काही नसतंच. मापं दाखवायला तिला दुकानात बोलावलं होतं. टपाचे तुकडे टेबलावर पसरून मी म्हणालो की आता फक्त मागचा पडदा राहिला. ती म्हणाली, मागचा पडदा नको.

मी म्हटलं, धूळ येईल. येऊ दे, म्हणाली, आरशात मागचं दिसायला हवं. मी चिडलोच. जन्मभर मागचंच बघितलंस, आता पुढचं बघायला गाडी घेतलीस, आणि पुन्हा मागचं कशाला हवंय? तेव्हा तिने मला ते सांगितलं. इतकी वर्षं रोज भेटत होतो आम्ही, पण तोवर मला त्याचा पत्ता नव्हता.

वस्तीवरचं काम आटोपून जीप निघाली की हमखास कुणीतरी उशिरा यायचं. कुणी लांबच्या शेतातून, कुणी ओढ्यापलीकडून. इंजिनचा आवाज ऐकून ती माणसं धावत सुटायची. पुढे बसलेल्यांचे डोळे पुढे. ती दिसायची फक्त ताईला. ती ड्रायव्हरच्या पाठीमागचा पत्रा तळहाताने बडवायची. सगळीच गाडी खडखडत असायची, त्यात ड्रायव्हरला वाटायचं स्टेपनी हलतेय. कधी ऐकू गेलंच तर डॉक्टर घड्याळ बघायचे, बर्फाचा विचार करायचे आणि म्हणायचे, पुढच्या महिन्यात. क्वचित थांबायचेही. बहुतेक वेळा नाही. माणसं थोडा वेळ धावायची, मग उभी राहायची आणि धुळीत लहान लहान होत जायची. पुढे बसलेल्यांचं काय, त्यांना ती कधी दिसलीच नव्हती.

"एक होती," ताई म्हणाली. "पुरुषाचा ढगळ शर्ट घातलेली, कडेवर पोर. उतारावरून धावत आली. एक चप्पल निसटली, ती घ्यायलासुद्धा थांबली नाही. मी पत्रा बडवला, हात सुजेपर्यंत बडवला. मग ती थांबली. हाक नाही मारली, हात नाही केला. पोर या कडेवरचं त्या कडेवर घेतलं आणि वळली."

"मग?"

"मग काय. पुढच्या फेरीला सगळ्यांना विचारलं. कोण ते कुणालाच सांगता येईना."

मी म्हणालो, "अगं, काही झालं असेलच असं नाही."

"नसेलच झालं. पण मला माहीत नाही ना."

एवढं बोलून तिने उशी हातात घेतली, शिवण तपासली आणि एका कोपऱ्यात टाका सैल आहे म्हणून मला बोलली. मी टेप गळ्यात अडकवून उभा होतो. पडद्यासाठी आणलेलं कापड मी घडी करून वर ठेवून दिलं.

मुलगा न्यायला येणार त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही घाटात गेलो. गॅरेजवाल्याने रस्त्याच्या तोंडाशी गाडी आणून दिली, दोन्ही दांडे लावून दिले, चाकांना लाथा मारून पाहिल्या आणि सांगितलं की अडलात तर हॉर्न द्या, मी इथेच आहे. ताई उशीवर चढून बसली. मी बसलो नाही. एक तर मला भीती वाटत होती, आणि दुसरं, रस्त्यात पडलेले दगड कुणीतरी उचलायला हवेच होते. ताईने किल्ली फिरवली आणि आमची वरात निघाली. पुढे मी दगड बाजूला करत, मागे जीप गुरगुरत. बऱ्याचदा मीच इतका पुढे निघून जायचो की मला तिच्यासाठी खोळंबावं लागायचं.

डांबराच्या भेगांतून गवत वर आलं होतं. मैलाचे दगड कलले होते. एका ठिकाणी अर्धा रस्ता खाली दरीत गेला होता आणि उरलेल्या अर्ध्यावरून ताईने गाडी अशी नेली की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पलीकडे होती आणि कपाळावरचे केस मागे सारत होती. मला म्हणाली, बघ ना रस्ता कसा आपल्याकडे येतो. मी मान डोलावली. रस्ता कुठे येत नव्हता, आम्हीच जात होतो, पण हे तिला सांगण्याइतका मी दुष्ट नाही.

आणि ती थांबत होती. मनाला येईल तिथे. एका झऱ्याशी थांबली, बाटली भरून घेतली आणि कठड्यावर बसून सावकाश सगळी रिकामी केली. मुळात काहीच नसलेल्या एका वळणावर थांबली, म्हणाली, इथे नेहमी थंड वारा लागायचा. पुढे एकदा गाडी थांबवून झुडपाआड गेली आणि मोठ्या ऐटीत परत आली. "केव्हाचं मनात होतं," म्हणाली. मी खदखदून हसलो. मग एकदम मला ते नळापाशी रिकामे केलेले पेले आठवले आणि माझं हसू तिथेच राहिलं. मी पुढे होऊन दगड उचलायला लागलो.

खिंड दोन वळणांवर राहिली होती. मी वाकून एक मोठा धोंडा सरकवत होतो आणि मागे इंजिन बंद झालं. वळून पाहिलं तर ताई ताठ बसली होती. समोर बघत नव्हती. आरशात बघत होती.

मागे, दरीतून वर येणाऱ्या पायवाटेवरून एक तरुण बाई रस्त्याला लागली होती. कडेवर पोर होतं. आम्हाला बघून तिने पाय जरा उचलले. ताईचा एक हात किल्लीवर होता, दुसरा खिडकीवर. खिडकीवरची बोटं पांढरी पडली होती.

"येतेय," ताई मला म्हणाली. अगदी हळू म्हणाली.

बाई आली. धापही लागली नव्हती तिला. खिडकीशी थांबून तिने विचारलं, "बंद पडली का आजी?"

"नाही. थांबवलीय."

"का बरं?"

"तू येत होतीस ना."

बाईने माझ्याकडे पाहिलं. म्हातारी बरी आहे ना, असं तिला विचारायचं होतं. मी दगडावर पाय ठेवून नुसता उभा राहिलो. मग ती ताईला म्हणाली की नाही हो, मला इथेच जायचंय, पुढच्या वळणावर हे बाइक घेऊन येतायत. ताई म्हणाली, बस तरी, वळणापर्यंत सोडते. बाईने जीपकडे एकदा पाहिलं, ताईला वाईट वाटू नये अशा बेताने हसली आणि म्हणाली, "चालत लवकर पोचेन मी."

ते खरंच होतं. ताईलाही ते कळलं. तिने मान हलवली. पोर तिच्याकडे टक लावून बघत होतं. ताईने खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याचा दंड दोन बोटांत धरला.

"याचं टोचून झालं सगळं?"

"केव्हाच. तारखेच्या आधीच मेसेज येतो ना मोबाइलवर. चुकायचं कसं?"

"छान," ताई म्हणाली. "छान झालं."

पोराने दंड सोडवून घेतला. बाई आमच्या पुढे निघाली, भराभर, मागे न बघता, आणि वळणाआड गेली. थोड्या वेळाने बाइकचा आवाज आला, तो लांब गेला, आणि मग घाटात काहीच ऐकू येईना. मी हात झटकले. म्हटलं, चल ताई, खिंड आलीच, हाकेवर आहे, ऊन उतरायच्या आधी बघून घेऊ. ताईचा हात किल्लीवरच होता. तिने ती फिरवली नाही.

"थांबू जरा," ती म्हणाली. "आणखी कुणी येतंय का बघू."

एक ती बाई सोडली तर त्या रस्त्याने आता कुणाला कुठेच जायचं नसतं हे मला माहीत होतं. तिलाही माहीत असणार. मी वळसा घालून आलो, दार उघडलं आणि तिच्या शेजारी बसलो. ती आरशात बघत होती. मला माझ्या बाजूने आरसा दिसेना, म्हणून मी मान वळवून मागे पाहिलं. मागे उखडलेला रस्ता होता, त्यावर गवत होतं, आणि कुणीही नव्हतं. आम्ही बसून राहिलो.